दख्खनी दरबारी लघुचित्रांची आशयसूत्रे आणि मराठी विरहकविता

१. प्रश्नाचे स्वरूप

भारतीय दरबारी लघुचित्रकलेचा विस्तार सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत आणि विजापूर-अहमदनगरपासून बसोहली-कांग्ड्यापर्यंत झालेला असला, तरी तिच्या विषयांची यादी आश्चर्य वाटावे इतकी आटोपशीर आहे. सिंहासनस्थ राजा आणि त्याचा दरबार, शिकार, मिरवणूक व युद्ध, नामांकित हत्ती-घोडे, साधू-फकीर आणि योगिनी, प्रेमाख्यानांतील प्रसंग, कृष्णलीला, ऋतुचित्रे व बारमास, रागमाला आणि या बहुतेक विषयांतून पुन्हा पुन्हा डोकावणारी नायिका, एवढ्यात ही यादी जवळजवळ संपते. चित्रशाळा बदलली, आश्रयदात्याचा धर्म बदलला, रंगलेपनाची पद्धत बदलली, तरी विषय फारसे बदलत नाहीत. या स्थैर्याचे कारण असे की हे विषय चित्रकाराने प्रत्यक्ष जीवनातून निवडलेले नसून वाङ्मयातून स्वीकारलेले आहेत. दरबारी लघुचित्र हे बहुतांशी वाङ्मयीन संकेतांचे चित्र आहे. म्हणूनच ते वाङ्मयाच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येते.

मराठी वाङ्मयाच्या अध्यापनात मात्र या सामग्रीचा विचार अभावानेच होतो. मध्ययुगीन मराठी कवितेची संत, पंत आणि तंत अशी विभागणी करून तिचा अभ्यास होतो. फारसी व दख्खनी ग्रंथ अन्य विभागांकडे जातात आणि चित्रे कलेतिहासाकडे. परिणामी एकाच भूप्रदेशात, एकाच काळात वावरणाऱ्या प्रतिमा एकमेकींपासून तुटतात. प्रस्तुत लेखात दख्खनी लघुचित्रांतील नायिका आणि मराठी विरहकवितेतील नायिका यांचा एकत्र विचार केला आहे. दोघींचे साहित्य बरेचसे समान आहे. भेद आहे तो त्यांच्याकडे पाहणाऱ्याच्या स्थानात, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

या विचारासाठी सोलापूर जिल्ह्याचा सीमाभाग विशेष सोयीचा आहे. अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा नांदविणारे गाव घेतले, तर त्याच्या पूर्वेस बहमनींची पहिली राजधानी गुलबर्गा (आजचे कलबुर्गी), ईशान्येस बीदर, नैर्ऋत्येस आदिलशाहीचे विजापूर (आजचे विजयपुरा) आणि वायव्येस, सोलापूर ओलांडल्यावर, निजामशाहीचे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आहे. मैंदर्गी कोणत्याही सल्तनतीची राजधानी नव्हती. परंतु राजधान्यांच्या मधला हा प्रदेश दरबारी आणि लोकाभिमुख अशा दोन्ही परंपरांच्या वाटेवर पडतो. दरबार केवळ राजधानीतून पाहिला की तो स्वयंपूर्ण वाटतो. अशा मधल्या प्रदेशातून पाहिला की त्याच्या सीमा दिसू लागतात.

२. पुसलेली राणी आणि कल्पिलेली राणी

निजामशाही आणि आदिलशाही यांच्यातील वादाचा सोलापूरचा किल्ला हा एक कायमचा विषय होता. १५६४ च्या सुमारास हुसेन निजामशहाने आपली कन्या चांदबिबी हिचा विवाह अली आदिलशहाशी करून दिला आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून दिला. या सोयरिकीच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या आघाडीने १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला. त्या विजयाचे आणि हुसेनशहाच्या वैभवाचे वर्णन करणारे आफताबी या कवीचे 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे फारसी काव्य सचित्र पोथीच्या रूपाने पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यात आज १२ चित्रे उरली असून दख्खनी दरबारी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या उपलब्ध नमुन्यांत त्यांची गणना होते. मंडळाने १९८७ मध्ये ही पोथी ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांच्या संपादनाने प्रसिद्ध केल्यामुळे ती मराठी अभ्यासकास सहज उपलब्ध झाली.

या चित्रांचे विषय नेहमीचेच आहेत : दरबार, विवाह, अंतःपुर, युद्ध. त्यांतील स्त्रिया साडी नेसलेल्या, सडपातळ आणि लांब वेणीच्या आहेत. त्यांचा पेहराव इराणी नसून दक्षिणी आहे. परंतु पोथीचे खरे वैशिष्ट्य वेगळे आहे. हुसेनशहाची राणी खुंजा हुमायून हिला चित्रकाराने राजाच्या शेजारी, सिंहासनावर बसविले होते. हुसेनशहा १५६५ मध्ये वारला. अल्पवयीन मुर्तजाच्या नावाने राणीने कारभार केला आणि १५६९ मध्ये मुर्तजाने तिला कैदेत टाकून सत्ता हाती घेतली. चित्रांतील राणीची आकृती बहुतेक ठिकाणी खरवडून किंवा रंगाने झाकून टाकलेली आढळते. राजा आहे, सेविका आहेत, सिंहासन आहे. राणीच्या जागी मात्र डाग आहे.

याच पोथीत एक चित्र दोहदाचे आहे. सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने किंवा पदाघाताने झाड अकाली बहरते, हा संस्कृत-प्राकृत काव्यातील जुना संकेत होय. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाची अशोकदोहदाची घटना प्रसिद्ध आहे; स्वतःच्या कुळाचा महाराष्ट्राशी संबंध सांगणाऱ्या राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'तही दोहदाचा प्रवेश आहे. फारसी प्रशस्तिकाव्याच्या पोथीत हा संकेत यावा, हे दख्खनच्या मिश्र संस्कृतीचे उत्तम उदाहरण आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की दोहदाच्या चित्रातील स्त्रीला कोणी हात लावला नाही. ती कोणी व्यक्ती नव्हती. ती संकेत होती. नाव असलेली स्त्री पुसली गेली, नाव नसलेली राहिली.

राणीची कन्या चांदबिबी हिच्या बाबतीत याच्या उलट घडले. अहमदनगरच्या बचावात तिचा १६०० मध्ये अंत झाला. हातावर ससाणा घेऊन घोड्यावरून शिकारीस निघालेली चांदबिबी अनेक दख्खनी चित्रांत दिसते; परंतु ही चित्रे अठराव्या शतकातील आहेत. ती तिच्या चेहऱ्याचा पुरावा होऊ शकत नाहीत. ससाण्यासह अश्वारूढ राजपुत्र हा दरबारी चित्रांचा रुळलेला विषय. पराक्रमी राणी दाखविण्यासाठी चित्रकारांनी तोच साचा वापरला. आईचे समकालीन चित्र पुसले गेले आणि मुलीचे चित्र मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने संकेतातून घडविले गेले. या दोन उदाहरणांवरून एक सूत्र हाती येते : दरबारी चित्रात कोण दिसावे आणि कोणत्या रूपात दिसावे, हे ते चित्र ज्याच्या हातात आहे त्याच्या स्थानावरून ठरते.

३. नायिकेचा प्रवास

लघुचित्रांतील नायिका नायिकाभेदाच्या शास्त्रातून येते. भरताच्या नाट्यशास्त्राने अवस्थेनुसार नायिकेचे आठ प्रकार सांगितले : वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनपतिका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका आणि अभिसारिका. या आठही अवस्था नायकाच्या येण्याजाण्यावर आधारलेल्या आहेत. तो येणार आहे, आला नाही, दुसरीकडे राहून आला, परदेशी गेला. नायिकेचे नाव त्याच्या हालचालीवरून पडते. चित्रकाराच्या दृष्टीने ही व्यवस्था फार सोयीची होती. शेज, दीप, मेघ, वीज, साप, सखी अशा मोजक्या खुणांवरून जाणकार प्रेक्षक अवस्था ओळखत असे.

हे शास्त्र दरबारी चित्रशाळांपर्यंत पोहोचविणाऱ्या ग्रंथांत भानुदत्ताची 'रसमंजरी' अग्रगण्य आहे, आणि तिचा दख्खनशी निकटचा संबंध आहे. भानुदत्त मूळचा मिथिलेचा. परंतु त्याच्या ग्रंथात निजाम नावाच्या राजाचा उल्लेख येतो. सतराव्या शतकातील टीकाकार अनंत पंडित, जो स्वतः गोदाकाठच्या पुणतांब्याचा होता, त्या राजाचा संबंध देवगिरीशी जोडतो. अलीकडे शेल्डन पोलॉक यांनी भानुदत्ताला निजामशाहीच्या आरंभकाळाशी जोडले आहे. १६५० मध्ये औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) मोगल सैन्याबरोबर आलेल्या एका सिसोदिया सरदारासाठी 'रसमंजरी'ची सचित्र पोथी तयार झाली. पुढे १६९५ मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी बसोहलीचा राजा किरपालपाल याच्यासाठी देवीदास या चित्रकाराने याच ग्रंथाची चित्रमाला पूर्ण केली. गोवळकोंड्याकडे अकबरशाहाच्या नावावर 'शृंगारमंजरी' हा नायिकाभेदाचा ग्रंथ तेलुगू आणि संस्कृत रूपांत सिद्ध झाला. नायिकाभेद ही उत्तरेकडून दख्खनेत आलेली आयात होती, ही समजूत या तपशिलांपुढे टिकत नाही.

शिवाय नायिकेची पूर्वपीठिका याच भूमीत अधिक जुनी आहे. हालाच्या 'गाथासप्तशती'तील महाराष्ट्री प्राकृत गाथांत परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी स्त्री वारंवार भेटते. पण ती गावातली आहे. तिच्याभोवती शेत, नदी, सासू, दीर आणि वाटसरू आहेत. दरबारी चित्राने तिला उचलून महालाच्या गच्चीवर नेले, शेत काढून बाग लावली आणि सासूच्या जागी सखी बसविली. अवस्था तीच राहिली, परिसर बदलला. या परिसरबदलाबरोबर तिचा प्रेक्षकही बदलला.

४. राग, योगिनी आणि आदिलशाही दरबार

रागमाला हा दरबारी चित्रांचा सर्वांत व्यापक विषय होय. सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या अशी ३६ चित्रांची मांडणी सर्वपरिचित आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर दख्खनमध्ये रंगविलेल्या रागमालेच्या चित्रांवर वरच्या पट्टीत नागरी लिपीत संस्कृत श्लोक लिहिलेले आहेत. चित्राखालचा विचार पुन्हा नायिकाभेदाचाच आहे. ललित म्हणजे निजलेल्या प्रियेला सोडून पहाटे निघालेला नायक. रामकली म्हणजे रुसलेल्या नायिकेच्या पायाशी विनवणी करणारा नायक. तोडी म्हणजे वीणेच्या स्वराने हरिणांना ओढून घेणारी एकाकी तरुणी. यांत धनाश्री विशेष लक्षणीय आहे. तिच्यात विरहिणी बसून दूरच्या प्रियकराचे चित्र काढते. येथे क्षणभर भूमिका उलटते : पाहिली जाणारी स्त्री पाहू लागते, रेखाटली जाणारी रेखाटू लागते. पण तिच्या फलकावरही नायकच आहे, आणि तिचे हे रेखाटणे पुन्हा आश्रयदात्याच्या हातातील पानावर आहे.

दुसरा इब्राहीम आदिलशहा (राज्यकाल १५८०–१६२७) याने दख्खनी भाषेत रचलेल्या 'किताब-इ-नवरस'मधील पदे रागांनुसार लावलेली असून काही पदांत रागाचे मूर्त रूप वर्णिले आहे. सरस्वती आणि गणपती यांचे स्तवन, आवडता हत्ती आतशखान आणि मोतीखान नावाची तंबोरी हेही त्या पदांचे विषय आहेत. त्याच्या दरबारातील चित्रांत हेच विषय आढळतात. चित्रकार फर्रुख हुसेन याचे सरस्वतीचे चित्र आणि वाद्य वाजविणाऱ्या इब्राहीमचे चित्र ही त्याची ठळक उदाहरणे होत. काव्यविषय आणि चित्रविषय यांचे इतके एकजीव होणे भारतीय दरबारांत दुर्मीळ आहे. याच वातावरणातील 'पेमनेम' या दख्खनी प्रेमाख्यानाच्या सचित्र पोथीत नायकाच्या छातीवर प्रियेची प्रतिमा साक्षात रंगविलेली आहे. प्रिया हृदयात वसते, हा वाक्प्रचार चित्रकाराने जसाच्या तसा दृश्य केला. विजापुरी योगिनीची चित्रेही याच परंपरेतील. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयातील प्रसिद्ध योगिनी अलंकारांनी मढलेली आहे, तिच्या हाती मैना आहे आणि दूर मागे राजवाडा आहे. प्रेमासाठी जोग घेणारा नायक हा जायसीच्या 'पदमावत'सारख्या प्रेमाख्यानांचा विषय. येथे तो वेष स्त्रीने धारण केला आहे. विरक्तीचे हे रूपही दरबाराने शृंगाराच्या कक्षेत आणले.

५. पाहणारा आणि म्हणणारा

ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या विरहिण्या या पार्श्वभूमीवर वाचल्या, तर त्यांतील साहित्य ओळखीचे वाटते. मेघ, वारा, चांदणे, चंदन, फुलांची शेज, कावळ्याचा शकुन ही सारी शृंगाराची उद्दीपने आहेत आणि नायिका विरहोत्कंठितेची सर्व लक्षणे दाखविते. या रचना आदिलशाही चित्रांहून कितीतरी आधीच्या परंपरेतील आहेत; त्यामुळे चित्रांच्या प्रभावाचा प्रश्नच उद्भवत नाही. एकनाथांच्या (१५३३–१५९९) बाबतीत मात्र समकालीनता आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीत देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, आणि 'तारीफ'ची चित्रे रंगविली गेल्यानंतर काही वर्षांतच, १५७१ मध्ये, एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण झाले. तरी येथेही प्रभाव सिद्ध करण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. दोन्ही परंपरांनी एकाच संकेतभांडारातून उचल केली, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

भेद शोधावयाचा तो कलाव्यवहाराच्या स्वरूपात. लघुचित्र हातात धरून, जवळून पाहावयाचे असते. ते पोथीत किंवा मुरक्क्यात बांधलेले असते आणि त्याचा प्रेक्षक आश्रयदाता व त्याच्या निकटचे थोडे लोक एवढाच असतो. नायिका शेज सजवून वाट पाहत आहे आणि नायक चित्रात नाही. अशा चित्रात नायकाची रिकामी जागा पान हाती धरलेल्या आश्रयदात्याने भरावयाची असते. तिची वाट पाहणे हे त्याच्या येण्याचे गौरवगान ठरते. विरहिणीची रचना याच्या उलट चालते. ती पाहावयाची नसते, म्हणावयाची असते. जो म्हणतो, मग तो पुरुष असो वा स्त्री, तो विरहिणीच्या जागी उभा राहतो. कीर्तनात जमलेला समाज तिला समोरून न्याहाळत नाही. तिचा शब्द स्वतःच्या तोंडी घेतो. नायकाची जागा तेथेही रिकामी आहे, परंतु ती भरण्याचा अधिकार श्रोत्यांपैकी कोणालाही नाही. ती विठ्ठलाची आहे. राजा कीर्तनास येऊन बसला तरी त्याला विरहिणीच्याच बाजूस बसावे लागेल.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची कथा हा भेद जणू कथारूपाने मांडते. नायकिणीच्या कुळात जन्मलेली ही रूपवती विठ्ठलभक्त झाली. तिच्या रूपाची कीर्ती ऐकून बीदरच्या बादशहाने तिला बोलावणे पाठविले, तेव्हा तिने पंढरीच्या देवळात देह ठेवला, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. महिपतींच्या 'भक्तविजय' (१७६२) ग्रंथाने ती सर्वपरिचित केली. कथेतील ऐतिहासिक तथ्यांश किती, हा प्रश्न येथे गौण आहे. दरबाराने पाहावयास मागितलेली स्त्री पाहिली जाण्यास नकार देते आणि अभंगाच्या रूपाने उरते, असे या परंपरेला सांगावेसे वाटले, हेच अर्थपूर्ण आहे. खुंजा हुमायूनच्या चित्रातील डाग आणि कान्होपात्रेचा अभंग यांमध्ये, दरबारी प्रतिमा आणि भक्तिकाव्यातील स्वर यांच्यातील सारे अंतर सामावले आहे.

एक आक्षेप येथे विचारात घ्यावयास हवा. दरबारी चित्रांचा प्रेक्षक नेहमी पुरुषच होता असे नाही; अंतःपुरातील स्त्रियाही चित्रे पाहत आणि क्वचित करवूनही घेत. 'तारीफ'ची पोथी राणीच्या कारभाराच्या काळाशी निगडित असावी, या मताला तिच्यातील राणीच्या ठळक स्थानामुळे बळ मिळते. परंतु हा आक्षेप मूळ प्रतिपादन दुबळे करीत नाही. पोथी राणीच्या सत्तेखाली असताना राणी सिंहासनावर दिसत होती. सत्ता मुर्तजाकडे जाताच ती पुसली गेली. निर्णायक गोष्ट प्रेक्षकाचे स्त्रीत्व वा पुरुषत्व नसून त्याची सत्ता ही होती.

६. लावणी : दोन परंपरांचा संगम

उत्तर पेशवाईतील शृंगारिक लावणी या दृष्टीने पाहिली, तर तिचे स्थान अधिक नेमके करता येते. सोलापूरचे राम जोशी हे संस्कृतज्ञ घराण्यातले. नायिकाभेदाचे ज्ञान आणि तमाशाचा फड या दोहोंशी त्यांचा परिचय होता. त्यांच्या शृंगारिक लावण्यांतील स्त्री स्वतः बोलते. म्हणजे रचना विरहिणीप्रमाणे म्हणावयाची आहे. परंतु ती सादर होते ती समोर बसलेल्या रसिकांसाठी, ज्यांत सरदार-सावकारही आहेत. म्हणजे ती पाहावयाचीही आहे. तिच्यातील नायकाची रिकामी जागा बैठकीतला आश्रयदाता भरू पाहतो. लावणीला अभिजन दोष देत आले आणि तरीही तिचे आकर्षण टाळू शकले नाहीत, याचे एक कारण या दुहेरी स्थानात आहे. पुढे मोरोपंतांच्या काव्याशी जवळीक झाल्यावर राम जोशी कीर्तनाकडे वळले. हा बदल सहसा नैतिक उपरतीच्या भाषेत सांगितला जातो. प्रस्तुत विवेचनाच्या संदर्भात तो बैठकीतून कीर्तनाकडे, पाहणाऱ्यांच्या समूहाकडून म्हणणाऱ्यांच्या समूहाकडे झालेला प्रवासही आहे.

याच शहरातील शुभराय मठाचे शुभराय महाराज हे कवी आणि चित्रकार दोन्ही होते. ते पूर्वी टिपू सुलतानाच्या दरबारी होते, असे परंपरा सांगते. दरबारात रुळलेली चित्रविद्या मठात येते, तेव्हा तिचा प्रेक्षक मुरक्का उलगडणारा सरदार राहत नाही, तर दर्शनास आलेला भाविक होतो. चित्र 'पाहणे' आणि चित्राचे 'दर्शन घेणे' यांत मराठी भाषा जो भेद करते, तो येथे शब्दशः लागू पडतो.

७. समारोप

दरबारी लघुचित्रांची आशयसूत्रे मराठी वाङ्मयाला परकी नाहीत. त्यांतील नायिकेची बीजे गाथांत आहेत, तिचे शास्त्र देवगिरीच्या परिसराशी जोडलेल्या ग्रंथात आहे, आणि तिची उद्दीपने संतांच्या विरहिण्यांत आहेत. म्हणून एकीकडे दरबार आणि दुसरीकडे देशी भक्तिपरंपरा अशी सरळ फाळणी अभ्यासात टिकत नाही. उलट, संकेत समान आहेत म्हणून आशयही समान आहे, असे मानणेही चुकीचे ठरेल. चित्रातील विरहिणीवरून तत्कालीन स्त्रीजीवनाचे अनुमान काढणे जितके धोक्याचे, तितकेच अभंगातील विरहिणीला शृंगाराचे उसने वस्त्र समजणे धोक्याचे आहे.

मध्ययुगीन प्रतिमेचा अभ्यास करताना तिचा विषय कोणता, एवढे विचारून थांबता येणार नाही. ती कोणाच्या हातात होती, तिच्यातील रिकामी जागा कोणी भरावयाची होती, आणि ती पाहावयाची होती की म्हणावयाची, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावे लागतील. मैंदर्गीसारख्या दुभाषी गावांत कन्नड वचने, मराठी अभंग आणि दर्ग्यांतील दख्खनी पदे यांच्या परंपरा शेजारी शेजारी नांदल्या आहेत. त्यांतील विरहिणींना हेच प्रश्न विचारून पाहण्याचे काम सीमाभागातील महाविद्यालयांतून हाती घेता येण्यासारखे आहे. त्यासाठी लागणाऱ्या भाषा तेथील विद्यार्थ्यांना घरातूनच मिळालेल्या असतात.